कोरडं वजन

आमच्या न्हाणीघराबाहेरच्या पॅसेजमध्ये एक फरशी आहे, जिच्यावर माझं वजन कमी भरतं. शेजारच्या फरशीवर तेच वजन तीनशे ग्रॅमनी वाढतं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी तर काटा सरळ सरळ माझा अपमान करतो. हे शोधून काढताना घरातली एकही फरशी मी सोडली नाही. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "गच्चीवर नेऊन बघ. सोलरचं पाणी तापलंय का तेही बघून ये." मी बांगड्या उतरवत होते.

बांगड्या, मंगळसूत्र, केसातला चाप, सगळं काढून मी काट्यावर उभी राहायचे. न्हायल्याच्या दिवशी ओल्या केसांनी वजन करायचं नाही. पोट साफ झाल्याशिवाय करायचं नाही. आधी उजवा पाय ठेवायचा, मग डावा. आकडा हलत असताना श्वास रोखून धरायचा, जणू हवेलाही वजन असतं. आणि एवढं सगळं करून आकडा कालच्यापेक्षा जास्त आला, की दिवसाचा विचका. मग चहाही गुन्हा वाटायचा आणि नवऱ्याने "काय गं, काय झालं" असं विचारणंही.

हे मी सुंदर दिसण्यासाठी करत असते तर मला त्याचं एवढं काही वाटलं नसतं. धायरीत पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या बाईने बारीक व्हावं अशी जगाची काही मागणी नव्हती. मागणी होती माझ्या भावाच्या डॉक्टरांची.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. हडपसरला राहतो. एका कंपनीच्या गेटवरच्या वजनकाट्यावर त्याची अख्खी नोकरी गेली. मालाचा ट्रक आत येताना भरलेला मोजायचा, बाहेर जाताना रिकामा मोजायचा, मधला फरक तो माल. निवृत्तीला थोडा अवकाश असतानाच त्याच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा तो डायलिसिसला जातो, चार तास मशीनला जोडलेला असतो आणि घरी येऊन झोपतो. वहिनी किडनी द्यायला तयार होत्या, पण त्यांना मधुमेह. मुलाचं नाव काढलं तरी दादा भडकतो. राहिले मी. रक्तगट जुळला, बाकीचं सगळं जुळलं. डॉक्टर म्हणाले, "सगळं उत्तम आहे, फक्त तुमचं वजन. पंचाहत्तरच्या आसपास आणा, मग आपण तारीख ठरवू."

तेव्हा मी चौऱ्याऐंशी किलो होते. मी हसून म्हणाले, "एवढंच ना, डॉक्टर?" दादा आणि वहिनी दोघंही शेजारीच बसले होते. वहिनींनी माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. त्या "एवढंच ना"ची आठवण आली की अजून कानशिलं तापतात.

सुरुवातीला वजन भराभर उतरलं. भात सोडला, साखर सोडली, सकाळी कालव्याच्या कडेने चालायला लागले. पहिले काही किलो असे गेले की मला वाटलं, लोक उगाच रडगाणं गातात. मग एके दिवशी काटा थांबला. नुसता थांबला असता तरी चाललं असतं. तो खाली-वर करायला लागला. आज चारशे उतरलं, उद्या सहाशे चढलं. काल तर मी मुगाचं धिरडं आणि काकडी खाऊन झोपले होते, मग हे सहाशे ग्रॅम आले कुठून? रात्री कुणी येऊन घातले का?

दादा रोज सकाळी फोन करायचा. "किती?" एवढंच विचारायचा. मी आकडा सांगायचे आणि मग तो त्याचा सांगायचा. कारण दादाही रोज वजन करतो. त्याच्या अंगातलं पाणी बाहेर जायला वाट नाही. दोन डायलिसिसच्या मध्ये तो जे पितो ते अंगातच राहतं, आणि ते किती साठलं ते काट्यावरच कळतं. मशीनवर घेण्याआधी त्याला मोजतात, नंतर मोजतात. सगळं जादा पाणी काढल्यावर जे उरतं त्याला तिथल्या सिस्टर ड्राय वेट म्हणतात. दादाने त्याचं मराठी केलं होतं, कोरडं वजन.

"माणसाचं खरं वजन कोरडं," तो मला समजावायचा. "बाकी सगळी भरती-ओहोटी. काल तू लोणचं खाल्लंस?"

"एक फोड."

"मग. मीठ पाणी धरून ठेवतं. सहाशे ग्रॅम काय चरबी चढते होय गं एका रात्रीत? तेवढं चढायला परातभर जिलब्या खायला लागतील. पाणी आहे ते. उद्या जाईल."

खरं सांगायचं तर मला त्याच्या या शांतपणाचा राग यायचा. ज्याच्यासाठी मी उपाशी, तो मलाच धीर देणार. शिवाय तो कसला धीर देतोय तेही मला दिसत होतं. त्याला दिवसाला मोजकं पाणी. स्टीलच्या एका छोट्या फुलपात्राने वहिनी मोजून देतात, औषधाचा घोटही त्यातच धरायचा. फार तहान लागली तर बर्फाचा खडा चघळायचा. आणि तो मला फोनवर सांगणार, पाणी आहे गं ते, जाईल.

त्याच्या घरी एक गोष्ट बदलली होती, ती मला सुरुवातीला कळलीही नव्हती. आपल्याकडे कुणी आलं की आधी तांब्या-भांडं पुढे करतात. वहिनींच्या घरी तर दारात पाय ठेवला की पाणी हजर असायचं, पाहुणा असो की गॅसवाला. दादाचं दुखणं सुरू झाल्यावर ते बंद झालं. आता येणाऱ्याला वहिनी हळूच खूण करून स्वयंपाकघरात बोलावतात आणि तिथे, दार लोटून, पाणी देतात. त्या स्वतःही तिथेच पितात. दादासमोर कुणी पाणी पीत नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं. दादालाही ते माहीत होतं आणि तोही त्याबद्दल काही बोलत नव्हता.

माझी अडचण अशी की माझा धंदाच खाण्याचा. सकाळी दोन भाज्या, आमटी, कोशिंबीर, शेकड्याने पोळ्या. पोळ्या लाटायला दोघीजणी येतात, पण भाजी-आमटी माझ्या हातची, आणि हातची म्हटलं की चव बघणं आलं. तळहातावर थेंबभर आमटी घेऊन चाटायची, ती मोजायची कशी? आयटीतली पोरं येतात, म्हणतात, "काकू, काहीतरी लो ऑइल ठेवा ना, मी स्ट्रिक्ट डाएटवर आहे," आणि जाताना गुळपोळीची तीन पाकिटं उचलतात. त्यांचं वजन चढलं तर चढलं, फार तर जीन्स बसणार नाही. माझं चढलं की मला दादाचं ते फुलपात्र दिसायचं.

आणि उरलेलं अन्न. रात्री केंद्र बंद करताना चार-सहा पोळ्या, वाटीभर भाजी, कधी ऑर्डरचा मसालेभात उरतो. टाकायला हात धजत नाही. आमच्या आईने आम्हाला ताटात शीतही टाकू दिलं नाही. मी उभ्या उभ्या, भांडी आवरता आवरता तो भात खायचे. ताटात वाढून घेतला असता तर तो जेवण झाला असता. उभ्याने खाल्लेला मी धरायचे नाही. काटा धरायचा.

खोटं मी पहिल्यांदा बोलले त्याच्या आदल्या दिवशी एका बारशाची ऑर्डर होती. मसालेभात, मठ्ठा, जिलबी. सकाळी काट्याने नऊशे ग्रॅम वाढलेले दाखवले. मी फरशी बदलली, काटा उलटा करून त्याची बॅटरी काढून परत घातली, पुन्हा उभी राहिले. नऊशेच. तेवढ्यात दादाचा फोन आला. त्याचा आवाज फार खोल गेलेला होता. आदल्या दिवशी मशीनवर असताना त्याच्या पायात गोळे आले होते, ओरडला होता म्हणे. त्याने विचारलं, "किती?" आणि मी म्हणाले, "उतरलं. दोनशे उतरलं."

"अरे वा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा जीव आला. मलाही बरं वाटलं, अगदी जिलबी खाल्ल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी खरा आकडा सांगायचा तर एकदम किलोभर चढला असं सांगावं लागलं असतं. म्हणून मी कालच्या खोट्यातून आणखी शंभर उतरवले. मग रोज तेच. काट्यावरचं वजन भरती-ओहोटी करत होतं आणि फोनवरचं माझं वजन शिस्तीत, रोज थोडं थोडं, खाली चाललं होतं. मी मनात म्हणायचे, दोन-चार दिवसात खरं वजन खोट्याला गाठेल, मग हिशेब मिटेल. ते गाठत नव्हतं. फोनवरची बाई बारीक होत गेली आणि काट्यावरची मी तिच्याकडे जळून बघत राहिले.

एका सकाळी दादा म्हणाला, "पंचाहत्तरावर आलीस की तू जवळजवळ. मी हॉस्पिटलात फोन करून तपासणीची वेळ घेतलीय. पुढच्या आठवड्यात."

खरं वजन सत्त्याहत्तरच्या वर होतं. "दादा, थोडं थांबू या ना," मी म्हणाले.

"कशाला? झालंय की." मग म्हणाला, "आता नको वाटतं गं थांबायला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. वाक्य तोंडात तयार होतं आणि मी ते गिळलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी निर्जला एकादशी आली. कॅलेंडरवर ती बघितली आणि माझ्या मनात जे आलं त्याची मला आजही लाज वाटते. मी काही फार उपासतापास करणारी नाही. एकादश्या केल्या असतील त्या साबुदाण्याच्या खिचडीवर डोळा ठेवून. पण निर्जळी म्हणजे अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. दादानेच शिकवलं होतं ना मला, पाण्याला वजन असतं. तो आठवड्यातून तीनदा मशीनवर पाणी काढतो, मी एकदा उन्हाने काढेन.

हॉस्पिटलातून आलेल्या फोनवर त्या मुलीने स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, सकाळी उपाशीपोटी या, पण पाणी भरपूर प्या हं. पाणी चालतं." मी हो हो म्हणाले होते.

वहिनींना मी फक्त एवढंच म्हणाले की उद्या निर्जळी करतेय. त्यांना रडूच फुटलं. "ताई, अहो, एवढ्या उन्हात? यांच्यासाठी करताय, मला कळतंय. मला मधुमेहामुळे करता येत नाही हो. देव तुमचं भलं करो." मी त्यांना थांबवलं नाही. उपास देवासाठी नाही, काट्यासाठी आहे, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

तो दिवस मी केंद्रात काढला. मुद्दामच. दोन गॅस पेटलेले, वर तवा, पंखा लावला तर पोळ्या वाळतात म्हणून पंखा बंद. घामाने पदर ओला झाला की मला बरं वाटायचं, तेवढं गेलं म्हणून. त्या दिवशी चवही बघितली नाही. आमटी खारट झाली आणि एका गिऱ्हाइकाने तसं येऊन सांगितलंही, "काकू, आज समुद्राचं पाणी वापरलंत का?" एरवी मी त्याला चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी जीभ टाळूला चिकटलेली होती. दुपारनंतर डोकं दुखायला लागलं आणि डोळ्यासमोर सारखं पाणीच यायला लागलं. नळ, हंडा, पाहुण्यांनी अर्धवट सोडलेला पेला. एकदा वाटलं, दादाचं रोजचं हेच असतं. आणि लगेच वाटलं, नाही, त्याच्या हातात असतं तर तो प्यायला असता. मी समोर माठ असताना सोंग करतेय.

नवरा संध्याकाळी माझ्याकडे बघत म्हणाला, "देव एवढा तहानलेला आहे का?" त्याला काहीतरी संशय आला असावा. मी तोंड फिरवून झोपले.

सकाळी हॉस्पिटलच्या काट्यावर मी पंचाहत्तर किलो तीनशे ग्रॅम भरले. सिस्टर म्हणाली, "व्वा, काकू!" वहिनींनी तिथल्या तिथे हात जोडले. दादा बाकावर बसून होता. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, भरून आलं असेल. रक्त दिलं, लघवी दिली, आणि बाहेर येऊन उसाच्या गाड्याआड उभी राहून मी पाण्याची अख्खी बाटली एका दमात रिकामी केली. आड अशासाठी की दादा रिक्षात बसलेला होता.

रिपोर्ट आले ते वाईट. क्रिएटिनिन वाढलेलं. दादाच्या घरात हा शब्द दूध-साखरेसारखा रोज वापरला जातो, त्यामुळे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. किडनी नीट काम करत नसली की तो आकडा चढतो. डॉक्टर वहिनींना फोनवर म्हणाले, "दात्याच्या बाबतीत आम्ही धोका घेत नाही. यांच्याच किडनीवर ताण दिसतोय. पुढच्या मीटिंगमध्ये ठरवू, पण तुम्ही दुसरा कुणी नातेवाईक आहे का, तेही बघून ठेवा."

दुसरा कुणी नव्हता. ते डॉक्टरांनाही माहीत होतं.

वहिनींनी हे मला फोनवर सांगितलं आणि त्याच्याच पुढे म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं का हो, ताई? मी तुम्हाला निर्जळी करू नका म्हणायला हवं होतं. माझ्या नवऱ्यासाठी केलंत आणि तुमच्याच जिवावर आलं." त्यांच्या त्या रडण्याने मी उठले. गॅसवरची भाजी तशीच लाटणाऱ्या बायकांच्या ताब्यात दिली, स्कूटर काढली आणि सिंहगड रोडचा तो कधीच न संपणारा ट्रॅफिक कापत हडपसरला निघाले. वाटेत प्रत्येक सिग्नलला मी वाक्य जुळवत होते आणि सिग्नल सुटला की ते मोडत होतं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना स्वतः फोन केला आणि सगळं सांगितलं. ते फार रागावले आणि रागावणं बरोबरच होतं. काही दिवसांनी, भरपूर पाणी पिऊन, पुन्हा तपासणी केली. किडनी ठणठणीत निघाली. वजन मात्र जे होतं तेच निघालं, सत्त्याहत्तरच्या वर. तारीख पुढे गेली. ती अजून आलेली नाही. दादा अजून आठवड्यातून तीनदा जातोय, आणि त्यातल्या प्रत्येक वेळेला, निदान त्यातल्या काही वेळांना तरी, मी जबाबदार आहे. हे मला कुणी म्हटलेलं नाही. म्हणायची गरज नाही.

पण त्या दिवशी मी पोचले तेव्हा दुपार टळत होती. दादा मशीनवरून येऊन पडला होता, मला बघून उठून बसला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मला नेहमीची खूण करत होत्या, आत या, पाणी घ्या. मी गेले नाही. दादासमोर खुर्चीत बसले आणि बोलायला लागले. खोटे आकडे सांगितले, निर्जळी सांगितली, पाणी प्या म्हणणाऱ्या मुलीचंही सांगितलं. वहिनी दारातच खाली बसल्या. त्यांच्याकडे बघायचं मी टाळत होते.

दादा सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"आकडे खोटे आहेत ते. अगं, रोज उतरणारं वजन कधी असतं का? पहिले तीन महिने तू सांगायचीस, चारशे उतरलं, सहाशे चढलं, रडायचीस, चिडायचीस. आणि मग एकाएकी रोज शंभर, रोज दोनशे, एकदासुद्धा वर नाही. मी जन्मभर काट्यावर बसलोय. वाळूवाले टाकीत पाणी भरून यायचे, माल उतरवला की पाणी सोडून द्यायचे आणि रिकामी गाडी हलकी दाखवायचे. चोरी कशी पकडायची? आकडा फार सरळ आला की समजायचं."

मला धड रडूही येईना. "मग बोलला का नाहीस?"

तो खिडकीकडे वळला. मग म्हणाला, "ऐकायला बरं वाटायचं."

तो पुढे बोलला, वहिनींना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू. "वेळ मीच घेतली ना. खोटं आहे हे कळत असून घेतली. म्हटलं, कदाचित चालून जाईल."

मला वाटलं होतं तो रागावेल. त्याने रागवावं म्हणून मी धायरीहून आले होते. तो उठला. भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेला. वहिनी "अहो, काय हवंय, मी देते" म्हणत मागे गेल्या तर त्याने हातानेच त्यांना थांबवलं. आतून माठाचं झाकण सरकवल्याचा आवाज आला, मग ओगराळ्याने पाणी काढल्याचा. तो तांब्या आणि भांडं घेऊन बाहेर आला. दोन वर्षांत त्या घराच्या बाहेरच्या खोलीत मी तांब्या-भांडं बघितलं नव्हतं. डाव्या हाताला मशीनच्या सुयांची पट्टी होती म्हणून उजव्याच हातात दोन्ही धरलं होतं आणि पाणी हिंदकळत होतं. त्याने ते माझ्यासमोर ठेवलं.

"पी," तो म्हणाला.

"दादा, आत जाऊन पिते."

"इथे पी. सगळं."

मी भांड्यात ओतून घेतलं आणि प्यायला लागले. तहान नव्हती तरी प्यायले. दादा समोर बसून बघत होता. प्रत्येक घोटाला माझा गळा हलला की त्याचाही हलत होता, त्याला ते कळत नव्हतं. मी दुसरं भांडं भरलं, तिसरं भरलं. रडत रडत पाणी प्यायला किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. तांब्या रिकामा झाला तसा त्याने तो उचलून आत डोकावून बघितला.

"गार आहे का?" त्याने विचारलं.

"हो."

"माठ परवाच नवीन आणलाय," तो म्हणाला.